डॉ. खानोलकर आणि काचपट्टीवरील साक्ष

शरीरावर गाठ दिसू लागली, किंवा तोंडातील व्रण महिना उलटून गेला तरी भरून येईना, म्हणजे डॉक्टर सुईची तपासणी करून घेण्यास सांगतात अथवा तेथील लहानसा तुकडा काढून तपासणीस पाठवितात. काही दिवसांनी एक कागद हाती येतो. शस्त्रक्रिया करावयाची की नाही, करावयाची तर किती मोठी, जमीन गहाण टाकून पैसा उभा करावयाचा की निश्चिंत मनाने गावी परतावयाचे, हे सारे त्या कागदावरील दोन ओळींवर ठरत असते. रोगी आपल्या डॉक्टरांना ओळखतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला तर तो देवच मानतो. परंतु त्या दोन ओळी लिहिणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञाचे नावही त्याला ठाऊक नसते. सूक्ष्मदर्शकावर मान वाकवून बसलेला हा माणूस रोगाच्या खटल्यातील सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार. आणि तोच सर्वांत अपरिचित.

भारतात या साक्षीदाराला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने ज्यांना दिले जाते, ते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतीय विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव परिचित असते; मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूंच्या नामावलीतही ते आढळते. तथापि त्यांच्या कार्याचा खरा अर्थ समजून घेण्याची गरज वैद्यकाबाहेरच्या लोकांना अधिक आहे. तंबाखूच्या पट्ट्यात राहणाऱ्या कोल्हापूर-सांगली-निपाणी भागातील लोकांना तर ती विशेषच आहे. कारण खानोलकरांनी मांडलेला हिशेब या भागाने अद्याप चुकता केलेला नाही.

देशी महाविद्यालयाचा प्रयोग

डॉ. खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीत राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेगने थैमान घातले. युरोपात वैद्यकाच्या हाती नवनवी साधने येत होती आणि हिंदुस्थानात जुन्याच साथींनी माणसे मरत होती, असा तो काळ होता. खानोलकरांनी लंडन विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९२३ मध्ये विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी संपादन केली. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी प्राध्यापक म्हणून काम केले.

या दुसऱ्या महाविद्यालयाचे महत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील मानाची पदे त्या काळी बहुधा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील गोऱ्या अधिकाऱ्यांकडे जात. परळच्या महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्यांनी मात्र तेथे भारतीय अध्यापकच नेमले जावेत अशी अट घातली होती. के. ई. एम. रुग्णालय आणि हे महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले, ते भारतीय माणूस वैद्यकाचे उच्च शिक्षण स्वतःच्या बळावर देऊ शकतो हे सिद्ध करण्याच्या जिद्दीने. खानोलकर या प्रयोगाच्या पहिल्या पिढीतले शिक्षक. लंडनची पदवी पाठीशी असलेल्या डॉक्टराला मुंबईत खासगी व्यवसायाचे दार सताड उघडे होते. विकृतिशास्त्रज्ञाच्या वाट्याला मात्र शवविच्छेदनाची खोली, फॉर्मॅलिनचा वास आणि वर्षानुवर्षे रचत गेलेल्या काचपट्ट्या एवढेच येत असे. खानोलकरांनी ही दुसरी वाट पत्करली.

परळची प्रयोगशाळा

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन पावल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या नावे असलेल्या विश्वस्त निधीतून परळ येथे कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय उभारण्यात आले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालयाचे दार उघडले. त्याच्या प्रयोगशाळांची आणि संशोधनाची धुरा डॉ. खानोलकरांकडे सोपविण्यात आली.

त्या वेळी कर्करोग हा गोऱ्यांचा आणि श्रीमंतांचा रोग आहे, भारतात तो फारसा आढळत नाही, अशी समजूत बरीच रूढ होती. जेथे निदानच होत नाही तेथे रोग विरळा दिसणार, हे उघड आहे. मोजमाप नसले की दुःख अस्तित्वातच नाही असे मानण्याची सोय समाजाला आणि सरकारला मिळते. परळचे रुग्णालय गिरणगावाच्या मध्यभागी होते. कोकणातून, साताऱ्याहून, कोल्हापुराकडून पोटासाठी आलेला गिरणी कामगार तेथे राहत होता. अशा वस्तीत उभ्या राहिलेल्या रुग्णालयात रोगी येऊ लागले, आणि प्रत्येकाच्या निदानाची, वयाची, प्रांताची, व्यवसायाची व सवयींची नोंद होऊ लागली, तेव्हा ती जुनी समजूत आपोआप ढासळू लागली.

सुई, काच आणि रंग

या नोंदीचा पाया प्रयोगशाळेतील नमुन्यावर असतो, म्हणून तो नमुना कसा तयार होतो हे थोडक्यात पाहणे उचित ठरेल. खानोलकरांच्या उमेदीच्या काळात शरीराचा लहानसा तुकडा काढून तपासणे हीच प्रमुख रीत होती. तो तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, म्हणजे कुजण्याची क्रिया थांबते. मग वाढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन त्यातील पाणी काढून टाकतात आणि वितळलेल्या मेणात तो मुरवितात. मेणाची वडी घट्ट झाली की यंत्राच्या पात्याने तिचे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतके पातळ काप काढावयाचे, काचपट्टीवर चढवावयाचे आणि रंगवावयाचे. एका झाडाच्या गाभ्यापासून मिळणाऱ्या रंगाने पेशीचे केंद्र जांभळे-निळे होते, तर दुसऱ्या रंगाने भोवतालचा भाग गुलाबी दिसू लागतो. निरोगी पेशी शिस्तीने रांगेत उभ्या असतात. कर्करोगाच्या पेशींनी ही शिस्त मोडलेली असते. त्यांची केंद्रे वाजवीपेक्षा मोठी, गडद आणि वेडीवाकडी झालेली असतात.

सुईच्या तपासणीची कल्पनाही याच काळातली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील मार्टिन आणि एलिस यांनी १९३० मध्ये गाठीत सुई घालून पेशी ओढून घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान सुट्या पेशींवरून करता येते हे पापानिकोलाऊ यांनी दाखवून दिले. पुढे स्वीडनमधील डॉक्टरांनी अधिक बारीक सुया वापरून ही पद्धत सुलभ केली आणि हळूहळू ती भारतातील जिल्ह्याच्या गावांपर्यंत येऊन पोहोचली. इंजेक्शनच्या सुईसारखीच ही सुई. ती गाठीत घालून तिची टोके थोडी मागेपुढे फिरविली आणि पिचकारीचा दट्ट्या ओढला, की पेशींचा थेंबभर अंश वर येतो. तो काचपट्टीवर ठेवून दुसऱ्या काचेने हलक्या हाताने पसरावयाचा. जोर जास्त झाला तर पेशी चिरडतात. लेप जाड राहिला तर त्या एकमेकींवर चढतात. काही पट्ट्या तत्काळ अल्कोहोलमध्ये बुडवाव्या लागतात. तेथे अर्ध्या मिनिटाची हयगय झाली तरी पेशी वाळून त्यांचे रूप बदलते. काही पट्ट्या मात्र मुद्दाम हवेत वाळवून निराळ्या रंगाने रंगवितात. रुग्णाचे नाव व क्रमांक पट्टीवर त्याच क्षणी घातला पाहिजे, कारण नावांची अदलाबदल म्हणजे दोन आयुष्यांची अदलाबदल.

या पद्धतीला भूल लागत नाही, रुग्णालयात राहावे लागत नाही आणि खर्चही अल्प येतो. गरीब देशाला हिच्यासारखी दुसरी सोय नाही. तिलाही मर्यादा आहेत. सुईने सुट्या पेशी मिळतात, त्यांची मूळची रचना मिळत नाही. त्यामुळे पुष्कळदा तुकडा तपासल्यावाचून अंतिम निर्णय देता येत नाही. सुई टोचली की गाठ पसरते अशी धास्ती खेड्यापाड्यांतून अजूनही ऐकू येते. वास्तविक असा प्रकार अत्यंत विरळा असतो. या धास्तीपायी वाया गेलेले महिने मात्र रोगाच्या पथ्यावर पडतात.

सवयी आणि रोग

नमुना तपासून निदान लिहिले की सामान्य विकृतिशास्त्रज्ञाचे काम संपते. खानोलकरांचे काम तेथून सुरू होई. एकाच ठिकाणचा कर्करोग एका प्रांतातील लोकांनाच का होतो, हा प्रश्न त्यांनी सातत्याने विचारला. रुग्णालय सुरू होऊन तीन वर्षे होतात न होतात तोच, १९४४ मध्ये, त्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ आलेल्या एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. लागोपाठ आलेले रोगी घेणे याचा अर्थ सोयीचे तेवढे निवडून न घेणे. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला या साध्या शब्दाचे मोल सांगावयास नको.

पुढच्या वर्षी सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी लोकांच्या चालीरीतींशी निगडित असलेल्या कर्करोगाच्या भारतीय प्रकारांचे वर्णन केले. काश्मिरात थंडीसाठी पोटाशी कांगडी बाळगणाऱ्यांना तेथील त्वचेचा कर्करोग होतो, हे पूर्वीच माहीत झाले होते. खानोलकरांनी दाखविले की धोतर वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट आवळल्याने जेथे घर्षण होते तेथेही कर्करोग उद्भवतो. उत्तरेकडे तंबाखू-चुन्याची गोळी खालच्या ओठाच्या आत दाबून ठेवण्याची सवय आहे. तेथे रोग नेमका त्याच खाचेत दिसून येतो. गोळी ठेवण्याची जागा आणि व्रणाची जागा एकच, हा पुरावा कोणालाही समजण्यासारखा होता.

तथापि केवळ रोग्यांकडे पाहून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. रोगी तंबाखू खात असेल. पण निरोगी माणसेही ती खातच असतात. म्हणून कर्करोग असलेले आणि नसलेले अशा दोन गटांची तुलना करावी लागते. १९५५ मध्ये डॉ. एल. डी. संघवी आणि राव यांच्यासह खानोलकरांनी अशी तुलना ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. तंबाखू चघळण्याचा संबंध मुखाच्या, तर ओढण्याचा संबंध घशाकडील भागांच्या कर्करोगाशी असल्याचे तीतून दिसून आले. इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांवरील आपला प्रसिद्ध निबंध १९५० मध्ये मांडला होता. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत परळच्या प्रयोगशाळेने भारतीयांच्या तोंडातील तंबाखूचा हिशेब जगापुढे ठेवला.

सर्वच अनुमाने कालांतराने टिकली असे नाही. तोंडाचे आतले अस्तर ताठर होऊन तोंड उघडेनासे होते, अशा विकाराचा अभ्यास त्यांनी डॉ. सत्यवती सिरसाट यांच्यासह केला. मिरचीतील तिखट द्रव्य याला कारणीभूत असावे या शंकेने, १९६० मध्ये त्यांनी उंदरांच्या टाळूवर त्या द्रव्याचा लेप देऊन झालेले बदल प्रसिद्ध केले. पुढील संशोधनात बोट वळले ते मुख्यतः सुपारीकडे. कोल्हापूरच्या तिखटाची त्यातून बव्हंशी सुटका झाली. पण गुटखा आणि मावा खाऊन पंचविशीतच तोंड मिटत चाललेली मुले या भागातील दंतवैद्यांना आता नवीन राहिलेली नाहीत. शास्त्रज्ञाने शंका प्रयोगाला लावावी आणि पुढच्याने ती तपासून सुधारावी, हीच विज्ञानाची रीत आहे. खानोलकरांचे मोठेपण त्यामुळे कमी होत नाही.

कुष्ठरोगाचा माग

कर्करोगाइतकेच कष्ट त्यांनी कुष्ठरोगासाठी घेतले. या रोगाचे जंतू हान्सेन यांनी १८७३ मध्येच शोधून काढले होते. परंतु ते जंतू शरीरात प्रथम कोठे घर करतात आणि कसे पसरतात, हे पुरते उलगडले नव्हते. रोग पूर्ण उघड झाल्यावर तपासलेला नमुना शेवट सांगतो, सुरुवात सांगत नाही. खानोलकरांनी अगदी आरंभीच्या, जेमतेम दिसणाऱ्या चट्ट्यांचे नमुने घेऊन मज्जातंतूंकडे लक्ष वेधले. जंतू त्वचेतील बारीक मज्जातंतूंत शिरतात व त्यांच्या वाटेने पुढे सरकतात, असे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. चट्ट्याची बधिरता ही रोगाची अखेर नसून त्याची पहिली खूण आहे, या समजाला त्यामुळे शास्त्रीय बैठक मिळाली. देवाचा कोप मानून ज्या रोग्याला गावकुसाबाहेर घालवीत, त्याचा रोग वेळीच ओळखण्याचा मार्ग अशा रीतीने काचपट्टीवरूनच जात होता.

संस्था आणि शिष्य

१९५२ मध्ये परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि डॉ. खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. एका विषयाच्या तज्ज्ञाने उभारलेली संस्था पुष्कळदा त्याच विषयाच्या चौकटीत अडकते. खानोलकरांनी मात्र वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्राचे पदवीधर, रसायनशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्राची जाण असलेले संशोधक एकत्र आणले. पुण्यात जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. पुढे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम करून त्या परतल्या आणि जिवंत पेशी काचपात्रात वाढविण्याची भारतातील पहिली प्रयोगशाळा त्यांनी या केंद्रात उभी केली. डॉ. सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या अभ्यासाचा पाया येथेच घातला. डॉ. संघवी यांनी मानवी वंशभेद आणि रक्तगट यांच्या अभ्यासाला दिशा दिली. विज्ञानात स्त्रियांना क्वचितच जबाबदारीची जागा मिळे अशा काळात या प्रयोगशाळेतून नामवंत स्त्री-शास्त्रज्ञ घडल्या, ही गोष्ट खानोलकरांच्या लौकिकात भर घालणारी आहे. आज हे केंद्र टाटा स्मारक केंद्राचा भाग आहे.

मानसन्मान यथाकाल चालत आले. भारतीय विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. कर्करोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. अणुकिरणांच्या परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक केली. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

तंबाखूचा ताळेबंद

या चरित्राचा उत्तरार्ध त्यांच्या निधनाने संपत नाही. नोंद ठेवण्याची परंपरा पुढे वाढली. भारतीय कॅन्सर सोसायटीने डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये मुंबईत कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदवही सुरू केली. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदवही सुरू झाली. तंबाखूयुक्त पान कर्करोगाला कारण होते असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये दिला; एकट्या सुपारीविषयीही तसाच निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र सरकारने गुटख्यावर बंदी घातली ती २०१२ मध्ये. खानोलकरांच्या एक हजार रोग्यांच्या आढाव्यापासून येथवर अडुसष्ट वर्षे लोटली होती. बंदीनंतरही पुडीला वाट सापडते, हे कोणत्याही एस. टी. स्थानकाच्या आवारात दिसते. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग आजही अग्रस्थानी आहे.

ज्ञान असूनही आचरण का होत नाही, याचे उत्तर केवळ व्यसनात शोधून भागणार नाही. ते अर्थव्यवहारातही शोधले पाहिजे. निपाणी ही तंबाखूची मोठी बाजारपेठ. १९८१ मध्ये तेथील उत्पादक रास्त भावासाठी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. तंबाखू पिकविणारा शेतकरी, पानांची भुकटी नाकातोंडात घेत वखारीत राबणारा मजूर, घरी बसून विड्या वळणारी स्त्री, या सर्वांची चूल या पिकावर पेटते. सरकारला कर मिळतो आणि व्यापाऱ्याला नफा. या साऱ्या रकमा कोठे ना कोठे खतावणीत दिसतात. मात्र कर्त्या पुरुषाचा जबडा काढावा लागला म्हणून विकलेली बैलजोडी, शाळा सोडलेली मुलगी, मशेरी लावता लावता गालात गाठ आलेल्या आजीचे महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईस घातलेले हेलपाटे, यांची रक्कम कोणत्याच खतावणीत चढत नाही. ताळेबंदाची जमेची बाजू तेवढी वाचावयाची आणि नावेची बाजू कोरी ठेवावयाची, असा हा व्यवहार चालला आहे. खानोलकरांनी केले ते एवढेच की, नावेच्या बाजूला पहिली पक्की नोंद घातली आणि तिच्यासाठी पुरावा म्हणून काचपट्टी जोडली.

तो पुरावा आज पूर्वीपेक्षा कितीतरी स्वस्तात आणि लवकर मिळू शकतो. कोल्हापुरात त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. उणीव आहे ती वेळेची आणि माणसांची. तोंडातील पांढरा चट्टा वेदना देत नाही म्हणून रोगी येत नाही. स्तनातील गाठ दुखत नाही म्हणून स्त्री ती लपविते. आणि तालुक्याच्या गावात लेप नीट पसरणारा तंत्रज्ञ व तो वाचणारा विकृतिशास्त्रज्ञ सहसा मिळत नाही. रुग्णालयाची नवी इमारत आणि आयात केलेले यंत्र यांचे उद्घाटन करता येते. नीट घेतलेल्या नमुन्याचे आणि काळजीपूर्वक भरलेल्या नोंदवहीचे उद्घाटन करता येत नाही. म्हणूनच बहुधा त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. डॉ. खानोलकरांचे स्मारक करावयाचे असेल तर प्रत्येक तालुक्यात एक सूक्ष्मदर्शक, तो वाचणारा एक प्रशिक्षित माणूस आणि तंबाखूचा प्रश्न न विसरता विचारणारी एक नोंदवही, एवढे पुरेसे आहे. शेतकऱ्याला तंबाखूऐवजी तितकेच पैसे देणारे दुसरे पीक कोणते, या प्रश्नाचे उत्तर मात्र डॉक्टरांना देता येणार नाही. ते अर्थशास्त्राने आणि राज्यकर्त्यांनी द्यावयाचे आहे.